रुग्ण प्रक्षुब्ध होण्यापूर्वी : संगणकाचे भाकीत आणि परिचारिकेची नजर

आपल्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागातील एक ज्येष्ठ परिचारिका गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीवर असताना जखमी झाल्या, हे वृत्त अनेक हितचिंतकांच्या कानी गेलेच आहे. त्यांच्या मनगटाचे हाड मोडले होते. आता त्या पूर्ववत कामावर रुजू झाल्या आहेत. ज्या तरुण रुग्णाच्या हातून हे घडले, तोही बरा होऊन घरी गेला आणि घरी जाण्यापूर्वी सिस्टरांना भेटून गेला. या घटनेनंतर आपल्या एका जुन्या देणगीदार स्नेह्यांनी विश्वस्त मंडळास पत्र लिहिले. कोणता रुग्ण हिंसक होईल हे आधीच सांगणाऱ्या संगणक-प्रणाली परदेशात तयार होत असल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. तशी प्रणाली आपल्याकडे बसवावी, खर्चाचा भार आपण उचलू, असे त्यांनी कळविले. पत्रामागील कळकळीबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. मंडळाने या विषयावर विभागाचे मत मागविले. ते मत मांडताना हा विषय सर्वच वाचकांना समजावून द्यावा, असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण हे पान रुग्णांचे नातेवाईकही वाचणार आहेत. मनोविकाराने ग्रस्त असलेली बहुसंख्य माणसे आयुष्यात कधीही कुणावर हात उगारीत नाहीत. उलट मारहाण, फसवणूक आणि अवहेलना त्यांच्याच वाट्याला अधिक येते. प्रक्षोभाचा प्रश्न उद्भवतो तो प्रामुख्याने तीव्र आजाराच्या काळात, म्हणजे रुग्ण नुकताच दाखल झालेला असतो, झोप उडालेली असते, कानांत आवाज घुमत असतात आणि आपल्याला येथे का आणले हेच त्याला उमगलेले नसते, अशा दिवसांत. संपन्न देशांतील तीव्र मनोविकार-विभागांच्या ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या आढाव्यात, मुक्कामात निदान एकदा हिंसक कृती केलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे १७ टक्के आढळले. याचा अर्थ, अतितीव्र आजाराच्या विभागांतही शंभरातील त्र्याऐंशी रुग्णांकडून असे काही घडत नाही. पुढचा सगळा विचार हा आकडा मनात ठेवून करावयाचा आहे.

आता त्या रात्रीकडे वळू. घटनेनंतर आम्ही त्या रुग्णाचे केसपेपर आणि विभागातील वह्या एकत्र घेऊन बसलो. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत.) सायंपाळीच्या सिस्टरांनी लिहिले होते, 'पेशंट दुपारपासून फेऱ्या मारीत आहे, जेवला नाही.' मावशींनी तोंडी सांगितले होते की, भावाचा फोन आला का, असे त्याने तीनदा विचारले आणि तिसऱ्या वेळी दारावर थाप मारली. निवासी डॉक्टरांच्या टिपणात 'चिडखोर' एवढा एकच शब्द होता. पाळी बदलताना यांतील एकही गोष्ट दुसरीशी जोडली गेली नाही. रात्री साडेअकराला सिस्टर गोळ्या घेऊन गेल्या तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्यांनी मागून हाक मारली, खांद्याला हात लावला, आणि पुढचे घडले. सगळी चिन्हे कागदावर होती; फक्त ती तीन कागदांवर विखुरलेली होती.

हे कामाचे अपयश आहे आणि ते आमचे आहे. पण ते जगभर घडणारे अपयशही आहे. अनुभवी डॉक्टरांची 'जाण' या बाबतीत किती विश्वसनीय असते, याची एक प्रसिद्ध पाहणी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे झाली आणि १९९३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आकस्मिक विभागात आलेल्या मनोरुग्णांपैकी पुढे कोण हिंसक होईल, याचे डॉक्टर-परिचारिकांनी केलेले अंदाज पुरुष रुग्णांच्या बाबतीत नाणेफेकीपेक्षा बरे ठरले, परंतु स्त्री रुग्णांच्या बाबतीत नाणेफेकीहून सरस ठरले नाहीत. स्त्री आक्रमक होणार नाही, या आपल्या समजाचाच तो परिणाम होता. अनुभव माणसाला शहाणे करतो, तसा काही ठिकाणी आंधळाही करतो.

यावर एक उपाय शोधला तो नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील ब्रोसेट या ठिकाणच्या मंडळींनी. संगणकाचा त्यात काहीही संबंध नव्हता. घटनांपूर्वीच्या चोवीस तासांत रुग्णांच्या वागण्यात काय दिसले होते, हे त्यांनी बारकाईने तपासले आणि त्यातून सहा खुणा निवडल्या : गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर येण्याचा पवित्रा आणि वस्तूंची आदळआपट. दर पाळीला परिचारिकेने प्रत्येक खुणेपुढे शून्य किंवा एक लिहावयाचे. एखादा रुग्ण मुळातच मोठ्याने बोलणारा असेल, तर नेहमीपेक्षा वाढ झाली असेल तरच एक. बेरीज शून्य आली तर पुढील चोवीस तासांत धोका अल्प, एक किंवा दोन आली तर मध्यम, तीन वा अधिक आली तर जास्त. अशा वेळी पुढे काय करावयाचे याचा विचार तत्काळ सुरू करावयाचा. 'ब्रोसेट सूची' या नावाने हे कोष्टक २००० सालापासून अनेक देशांत पोहोचले. त्याला काही मिनिटे आणि एक पेन्सिल पुरते.

अशा साध्या साधनाने खरोखर काही फरक पडतो काय? स्वित्झर्लंडमध्ये १४ तीव्र मनोविकार-विभागांत याची रीतसर चाचणी झाली आणि तिचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला. विभागांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली होती. ज्या विभागांत दाखल झालेल्या रुग्णाची नियमित नोंद ठेवली गेली आणि धोका अधिक दिसल्यास उपायांचा विचार बंधनकारक केला गेला, तेथे गंभीर आक्रमक घटना ४१ टक्क्यांनी आणि सक्तीच्या उपायांची गरज २७ टक्क्यांनी कमी झाली. यातील 'विचार बंधनकारक' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आकडा लिहिल्याने काही होत नाही. आकडा पाहून कोणीतरी उठून रुग्णाशी बोलायला जाते, त्याने होते.

आता संगणकाकडे येऊ. 'मशीन लर्निंग' म्हणजे यंत्राला नियम न सांगता उदाहरणे दाखवून शिकविणे. ब्रोसेटच्या सहा खुणा माणसांनी निवडल्या. येथे मात्र यंत्रापुढे हजारो जुन्या रुग्णांच्या नोंदी ठेवतात आणि प्रत्येकीबरोबर एवढेच सांगतात की, या रुग्णाकडून पुढे हिंसा घडली किंवा घडली नाही. कोणते शब्द, कोणती माहिती, कशाचा कशाशी मेळ बसला असता धोका वाढतो, हे यंत्र आपले आपण हुडकते. त्यासाठी परिचारिकांच्या टिपणांतील वाक्यांचेही आकड्यांच्या ओळींत रूपांतर केले जाते. मग नवा रुग्ण आला की त्याच्या टिपणांवरून यंत्र एक संभाव्यता सांगते.

या क्षेत्रातील एक चांगले काम नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठ रुग्णालयातील संशोधकांनी केले व ते २०१९ साली प्रसिद्ध झाले. दोन स्वतंत्र मनोरुग्णसंस्थांतील दाखल रुग्णांची, प्रवेशापर्यंतची आणि नंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील टिपणे त्यांनी यंत्राला वाचावयास दिली आणि पुढील चार आठवड्यांतील हिंसेचे भाकीत करण्यास सांगितले. यंत्राला पहिल्या संस्थेत ०.८० च्या जवळपास आणि दुसऱ्या संस्थेत ०.७६ इतके गुण मिळाले. हे गुण म्हणजे काय, ते समजून घेणे अगत्याचे आहे, कारण '८० टक्के अचूक' अशी त्यांची जाहिरात होते आणि ती चुकीची आहे. पुढे हिंसक झालेला एक रुग्ण आणि न झालेला एक रुग्ण, अशी जोडी यंत्रापुढे ठेवली, तर पहिल्याला अधिक धोक्याचा ठरविण्यात यंत्र शंभरपैकी किती वेळा यशस्वी होते, एवढेच हा आकडा सांगतो. डोळे मिटून निवड केली तरी ०.५ मिळतातच. तेव्हा ०.८ ही प्रगती आहे, यात शंका नाही. पण ते अंतर्ज्ञान नव्हे.

या आकड्याचा विभागातील रोजच्या कामात काय अर्थ होतो, ते हिशेब करून पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, शंभर रुग्ण दाखल झाले आणि त्यांपैकी दहा जणांकडून पुढे हिंसा घडणार आहे. यंत्र इतके चांगले आहे की, त्या दहांतील सात जण ते हेरते आणि उरलेल्या नव्वदांपैकी पाचांत एकाच्याच बाबतीत फसते. पाचांत एक म्हणजे नव्वदांत अठरा. म्हणजे धोक्याची घंटा एकंदर पंचवीस रुग्णांसाठी वाजेल. त्यांतील सात खऱ्या, अठरा खोट्या. शिवाय तीन रुग्ण घंटेविना निसटतील ते वेगळेच. हा दोष यंत्राच्या बनावटीचा नाही. जी घटना मुळात थोड्यांच्याच हातून घडते, तिचे भाकीत करू जाता खोट्या घंटांची संख्या खऱ्यांहून वाढणे हे अंकगणितानेच अटळ आहे. माणसाने केलेल्या भाकितालाही हाच नियम लागू आहे. फरक इतकाच की माणसाच्या खोट्या घंटांची कोणी मोजदाद ठेवीत नाही.

खोटी घंटा वाजली तर बिघडले काय, असे कोणी विचारील. तिचे उत्तर घंटेनंतर काय होते यावर अवलंबून आहे. परिचारिकेने दोन मिनिटे अधिक थांबून चौकशी केली, तर काहीच बिघडले नाही. ते अठराही जण थोडे सुखावतीलच. परंतु घंटा वाजली म्हणून औषधाची मात्रा वाढली, दार बंद झाले, हातपाय बांधले गेले, तर अठरा निरपराध माणसांना शिक्षा झाली. आपल्या देशाने ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका निवाऱ्याला पहाटे आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि अठ्ठावीस जणांचा अंत झाला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने साखळदंड आणि एकांतकोठडी या दोहोंस बंदी केली आहे. शारीरिक बंधनाची मुभा आहे ती रुग्णाला वा इतरांना होऊ घातलेली तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल तेव्हाच. तीही प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने आणि अत्यावश्यक काळापुरतीच. शिक्षा म्हणून अथवा कर्मचारी अपुरे आहेत म्हणून रुग्णाला बांधता येत नाही. प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवावी लागते आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. कायद्यातील 'तात्काळ' हा शब्द ध्यानात घेतला, तर चार आठवड्यांचे भाकीत बंधनाचा आधार होऊ शकत नाही, हे सहज दिसेल.

याहून सूक्ष्म असा आणखी एक धोका आहे. यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते आणि नोंदी माणसे लिहितात. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एका मोठ्या मनोरुग्णालयाच्या नोंदींवर झालेल्या अशाच एका अभ्यासात (२०१८), आक्रमकतेशी संबंध दिसणाऱ्या गोष्टींत बेघर असणे ही एक प्रमुख गोष्ट निघाली. बेघर माणूस स्वभावतः अधिक हिंसक असतो, असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे होईल. ज्याला परत जायला घर नाही, त्याच्यावर विभागातही अधिक ताण असतो आणि अधिक नजराही असतात. टोरांटो येथील व्यसन व मानसिक आरोग्य केंद्रातील संशोधक याच प्रश्नाचा अलीकडे अभ्यास करीत आहेत. कृष्णवर्णीय रुग्ण, पोलिसांनी आणलेले रुग्ण आणि स्थिर निवारा नसलेले रुग्ण यांच्या बाबतीत खोट्या घंटा अधिक वाजतात, असे त्यांना आढळले. आपल्याकडे वर्ण नाही, पण भाषा आहे, वस्ती आहे, जात आहे. आणि सोबत कोणीही नसलेला, रेल्वे स्थानकावरून आणलेला रुग्ण तर प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात आहे. ज्याच्याविषयी पूर्वीपासूनच अधिक संशय घेतला गेला, त्याच्याविषयी यंत्रही अधिक संशय घेईल, आणि हा संशय आता गणिताची वस्त्रे लेवून येईल.

त्यात एक गंमतही आहे. एखाद्या सिस्टरांनी रुग्णाची अस्वस्थता ओळखली, त्याला चहा दिला, घरी फोन लावून दिला आणि प्रसंग टळला, तर नोंदवहीत काय उमटते? 'घटना नाही.' यंत्र ते वाचून शिकते की, अशी अस्वस्थता निरुपद्रवी असते. उत्तम परिचारिकेचे उत्तम काम यंत्राच्या दृष्टीला दिसतच नाही.

डच संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला, आणि आपल्या निर्णयाच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयुक्त आहे. एका संस्थेत शिकलेले यंत्र त्यांनी दुसऱ्या संस्थेत नेऊन तपासले. देश तोच, भाषा तीच, आजारही तेच; तरीही गुण घसरून ०.७२ आणि ०.६४ झाले. प्रत्येक रुग्णालयाची लिहिण्याची रीत निराळी असते. मग डच भाषेत, टंकलिखित टिपणांवर शिकलेले यंत्र आपल्या केसपेपरचे काय करील? आपली औषधे इंग्रजीत, निदान रोमन लिपीतील आद्याक्षरांत आणि सिस्टरांचा शेरा मराठीत, तोही घाईत, हाताने लिहिलेला. 'पेशंट आज गुमसुम' या तीन शब्दांतला इशारा कळायला विभागात वावरावे लागते. अलीकडच्या भाषा-प्रणालींना मराठी वाचता येते, हे खरे आहे. परंतु रुग्णाची टिपणे बाहेरच्या संगणकावर पाठविणे म्हणजे त्याची गुप्तता दुसऱ्याच्या हाती देणे होय, आणि वरील अधिनियमाने ती गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. आपल्याच नोंदींवर स्वतंत्र यंत्र शिकवावयाचे तर हजारो रुग्णांच्या व्यवस्थित नोंदी हव्यात. आपल्यासारख्या लहान विभागाला त्या जमविण्यास अनेक वर्षे लागतील.

आणि एवढे करूनही यंत्र पाहणार ते रुग्णाकडेच. प्रक्षोभ मात्र पुष्कळदा रुग्ण आणि विभाग यांच्या मधल्या जागेत जन्म घेतो : उत्तर न मिळालेला प्रश्न, नाकारलेली विडी, गर्दी, रात्रभर जळणारा दिवा, 'गप्प बस' असा आवाज. लंडनचे परिचर्याशास्त्राचे प्राध्यापक लेन बोवर्स यांनी याच बाजूने विचार करून 'सेफवॉर्ड्‌स' ही पद्धत मांडली. इंग्लंडमधील १५ रुग्णालयांच्या ३१ विभागांत तिची चाचणी झाली व २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संघर्षाचे प्रसंग १५ टक्क्यांनी आणि सक्तीचे उपाय २६ टक्क्यांनी उतरले. त्या पद्धतीत आहे तरी काय? अप्रिय वार्ता सांगण्यापूर्वी रुग्णाला तयार करणे, पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाविषयी एखादी चांगली गोष्ट सांगणे, नकार देताना शब्द जपून वापरणे, कर्मचारी आणि रुग्ण यांनी एकमेकांची थोडी ओळख करून घेणे, अशा दहा साध्या गोष्टी. पहिल्यांदा वाचताना त्या मलाही बाळबोध वाटल्या होत्या. त्या रात्रीनंतर वाटत नाहीत. भावाचा फोन आला नाही, हे त्या तरुणाला कोणीतरी सायंकाळीच शांतपणे सांगितले असते तर!

या साऱ्याचा विचार करून विभागाने विश्वस्त मंडळास कळविले की, भाकीत करणारी संगणक-प्रणाली आज विकत घेऊ नये. संशोधन पुढे जात आहे आणि आमचे त्यावर लक्ष राहील. भारतीय भाषांतील नोंदींवर, भारतीय रुग्णालयांत तपासलेली, खोट्या घंटांचा हिशेब उघडपणे मांडणारी प्रणाली उद्या कोणी आणली, तर आम्ही तिचे स्वागत करू. तोपर्यंत ब्रोसेट सूचीचे मराठी कोष्टक प्रत्येक पाळीला भरावयाचे, तिन्ही वह्यांऐवजी एकच वही ठेवावयाची, आणि बेरीज दोनच्या वर गेल्यास पंधरा मिनिटांच्या आत दोघांनी मिळून रुग्णाशी बोलावयाचे व काय बोलणे झाले ते लिहावयाचे, असे ठरले आहे. सूचीचा आकडा बंधनासाठी अथवा औषध वाढविण्यासाठी कारण म्हणून लिहिता येणार नाही, ही अट आम्ही स्वतःवर घालून घेतली आहे. देणगीदार स्नेह्यांनीही मोठ्या मनाने आपल्या देणगीचा उद्देश बदलण्यास संमती दिली. त्यातून रात्रपाळीसाठी एक अतिरिक्त परिचारिका नेमण्यात येत आहे आणि रुग्णांना घरी बोलता यावे म्हणून विभागात स्वतंत्र दूरध्वनी बसविण्यात आला आहे.

नातेवाइकांना एक विनंती आहे. रुग्ण दाखल करताना आता आपणास एक लहानसे पत्रक दिले जाते. रुग्ण कशाने चिडतो, कशाने शांत होतो, कोणत्या नावाने हाक मारलेली त्याला आवडते, मागून स्पर्श केलेला चालतो की नाही, कोणाच्या फोनची तो वाट पाहील, असे प्रश्न त्यात आहेत. कित्येक जण 'नॉर्मल' असा एक शब्द लिहून ते परत करतात. कृपया तसे करू नये. लिहिता येत नसेल तर मावशींना किंवा सिस्टरांना तोंडी सांगावे. त्या लिहून घेतील. हे पत्रक वहीच्या पहिल्या पानावर लावले जाते आणि रात्रपाळीवर येणारी व्यक्ती प्रथम तेच वाचते.

— मनोविकार विभाग